मेसरामांच्या झारीत मांजरेचं पाणी

लातूरची मांजरा आणि नांदेडचे घाट मागे टाकून आलेली गोदावरी तेलंगणाच्या हद्दीवर कंदकुर्तीला भेटतात. पुढे बासर, त्यापुढे श्रीरामसागर धरण, आणि धरणाच्या बरंच खाली जन्नारमजवळच्या कलमडुगू गावापाशी नदीत एक डोह आहे, हस्तिनमडुगू. दरवर्षी पौषात गोंडांच्या मेसराम कुळातली माणसं तिथे अनवाणी चालत येतात, जुन्या झारीत गोदावरी भरून घेतात आणि तशीच पायी माघारी फिरतात. शंभराहून अधिक किलोमीटर जाणं, तेवढंच येणं. पौष अमावास्येच्या रात्री आदिलाबाद जिल्ह्यातल्या केसलापूरला त्या पाण्याने कुळदेव नागोबाची महापूजा होते.

म्हणजे त्या झारीत थोडी मांजराही असणार! हिशेब करून बघावासा वाटतो. पौषात संगमाच्या वर गोदावरीवर असलेल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे बंद असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार ते 1 जुलै ते 28 ऑक्टोबर या काळात उघडे ठेवायचे असतात. तेव्हा मेसरामांच्या हाती लागणारं नांदेडकडचं पाणी असलंच, तर ते पावसाळ्यात निसटून श्रीरामसागरात जाऊन बसलेलं. बाकी वाटेत कडेमसारख्या तिकडच्या नद्या मिळतात. मराठवाड्याचा वाटा किती, ते कोण मोजणार? पण नदीचा नकाशा समोर ठेवला की तो नाकारता येत नाही.

पाणी आणायला एवढ्या लांब कशाला, हा शहरी प्रश्न. केसलापूरला पाणी आहे, मोटारीने गेलं तर अर्ध्या दिवसात झारी भरून परत येता येईल. पण इथे पाण्याइतकंच चालण्याला महत्त्व आहे. सुरुवात महिनाभर आधीच होते. कुळातली जाणती मंडळी केसलापूरला जमतात, छकडा जुंपून गावोगाव निरोप देतात, सिरिकोंडाच्या कुंभाराला मडकी सांगून ठेवतात. मग पायवाट धरायची. ती आजच्या डांबरी रस्त्याने जात नाही. पूर्वजांनी ज्या गावांतून, ज्या झाडांखालून नेली तशीच जाते, मुक्कामही ठरलेले. पांढरं धोतर, पांढरं पागोटं. शाळा-कॉलेजातली पोरं आजोबांच्या मागे चालत राहतात, आणि कुठल्या शिवारात आपले कोण राहत होते हे त्यांना त्या शिवारात उभं राहूनच कळतं. घरच्या ओसरीवर हीच माहिती सांगितली असती, तर ऐकणाऱ्याचं निम्मं लक्ष मोबाइलमध्ये असतं.

मुक्कामाला परधान कथा लावतो. परधान हे गोंडांचे पिढीजात कथेकरी. किकरी नावाचं, तीन तारांचं, गजाने वाजवायचं वाद्य घेऊन ते कुळाची गाथा गातात. देव कुठून आले, कोण कुणाचा भाऊ, कुठल्या कुळाशी सोयरीक चालते आणि कुठल्याशी नाही, हे सगळं त्या गाथेत असतं. आणि इथे मराठी वाचकाने जरा थांबावं. आदिलाबादच्या परधानांची घरची बोली मराठी आहे. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या व्हिएन्नाच्या मानवशास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात इथल्या गोंडांमध्ये राहून काम केलं, तेव्हा हे नोंदवून ठेवलं. घरात मराठी बोलणारा माणूस दुसऱ्या समाजाची शेकडो वर्षांची स्मृती त्या समाजाच्या गोंडी भाषेत तोंडपाठ ठेवतो! याच हायमेनडॉर्फने 1943 मध्ये मारलावाई या गावी गोंड शिक्षकांसाठी केंद्र सुरू केलं. तिथली गोंडी पुस्तकं देवनागरीत छापली गेली, तेलुगू लिपीत नव्हे. पुढे त्याची समाधीही मारलावाईलाच झाली.

देवनागरी तिकडे परकी नव्हतीच. किनवट तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला भाषावार रेघ ओढली गेली आणि किनवट नांदेडला आलं, केसलापूर तेव्हाच्या आंध्रात गेलं. मराठी-तेलुगूचा न्याय झाला. गोंडीला मात्र कुणी विचारलं नाही. सगेसोयरे दोन्हीकडे वाटले गेले. पण कुळाच्या देवाला सीमा लागू होत नाही, त्यामुळे किनवट-माहूर, यवतमाळ, चंद्रपूर भागातले गोंड आजही नागोबाला जातात.

केसलापूरला पोचल्यावर मंडळी थेट देवळात शिरत नाहीत. जुन्या वडांखाली काही दिवस मुक्काम पडतो. दगावलेल्यांचा ‘तूम’ विधी तिथे होतो. मग गोवाड, म्हणजे दगडी आवार. आत हजारोंचा स्वयंपाक, पण चुली मोजून बावीस, कारण कुळाच्या शाखा बावीस. कुटुंबं कितीही वाढोत, चूल वाढत नाही. आपापल्या शाखेच्या चुलीवर पाळी येईपर्यंत थांबायचं. हा नियम मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. मुंबईला नोकरी करणारा असो की शेतावर राबणारा, रांगेत उभं राहिल्यावर आपण कुणाचे हे विसरायची सोयच राहत नाही.

महापूजेनंतर ‘भेटिंग’. मेसरामांत लग्न होऊन आलेल्या सुना पांढऱ्या लुगड्यात, लांब पदर ओढून, थोरल्या बायकांच्या मागे रांगेने येतात आणि कुलदेवाला भेटवल्या जातात. तोवर ती सून कुळाची धरली जात नाही, लग्नाला वर्षं झाली असली तरी. एकाच जत्रेत गेलेल्यांना निरोप आणि आलेल्यांचं स्वागत उरकतं.

2025 च्या जूनमध्ये अमेरिकेत क्लॅमथ नदीवर असंच काहीसं घडलं. चार धरणं काढून टाकल्यावर तिथल्या आदिवासी तरुणांनी उगमापासून समुद्रापर्यंत सुमारे 500 किलोमीटर कयाक वल्हवत नेल्या आणि 11 जुलैला पॅसिफिक गाठला. काठाकाठावर त्यांच्या जमातीची माणसं स्वागताला उभी होती. जगभर बातम्या झाल्या, आणि व्हायलाच हव्या होत्या. शंभर वर्षांनी नदी मोकळी झाली होती. तिथे तुटलेला धागा नव्याने जोडायचा होता, त्यासाठी पोरांना आधी कयाक चालवायला शिकवावं लागलं. केसलापूरचा धागा तुटलाच नाही, म्हणून बहुधा त्याची बातमी तिकडच्या पानांपलीकडे फारशी जात नाही. नांदेडच्या हुजूर साहिब स्थानकावरून आदिलाबादला जाणाऱ्या गाडीत बसणाऱ्यांनाही ती ठाऊक नसते.

जायचं असेल तर त्याच गाडीने भोकर, हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादला उतरायचं, पुढे इंद्रवेल्लीच्या रस्त्याने केसलापूर. पायी वारी आणि महापूजा मेसरामांची. त्यानंतरची जत्रा सगळ्यांची. तिथल्या दुकानांत गोंडी, तेलुगू आणि मराठी अशा तिन्ही भाषांत घासाघीस चालते.