चौदाशे किलोमीटरचा वळसा

आज तारीखरेषेबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण नाशिकच्या एका वाचक बाईंनी मला कोंडीत पकडलंय. गेल्या वेळी सांगितल्याप्रमाणे सर्वांत जवळची वाट शोधायला त्यांनी नातवाच्या पृथ्वीगोलावर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणला. अंतर भरलं सुमारे १२,४०० किलोमीटर. शाबास! गोलावरच्या अंतराच्या सूत्राने १२,३८० येतं. पण मुलाकडे जाताना विमानातल्या पडद्यावर त्यांना दिसला पॅसिफिक. ‘तुमचा दोरा तर सैबेरियावरून जातो. खोटं कोण?’

कुणीच नाही. दोऱ्याला डोंगर लागत नाहीत, वाराही लागत नाही. दिल्लीहून निघून तो थेट हिमालय आणि तिबेटवर चढतो, ७५ अक्षांशाच्याही वर आर्क्टिकला शिवून अलास्कात उतरतो. तिबेटवरून जायला विमानं नाखूश असतात. केबिनमधला दाब गेला तर दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथे जमीनच त्याहून उंच!

म्हणून एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप-अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६मध्ये ते पॅसिफिकवरून न्यायला लागले. अंतर १५,३००! मुंबई-दिल्लीहून मोठा वळसा, तोही आपणहून.

आता कागद घ्या. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो, तो ताशी ८९० धरू. तेव्हा सांगितलेला हिशोब असा की, अटलांटिकच्या वाटेवर समोरून ताशी २४ किलोमीटरचा वारा, तर पॅसिफिकच्या वाटेवर पाठीमागून १३८चा. पहिल्या वाटेने जमिनीवरचा वेग उरतो ८६६, म्हणजे सोळा तास. दुसरीने होतो १,०२८, म्हणजे पंधरा तासही नाहीत. लांबच्या वाटेने तासाभराहून अधिक वेळ वाचला.

हा पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा उंचावरचा वारा जपानच्या वासाबुरो ओईशींनी १९२०च्या दशकात फुगे सोडून मोजला होता. जगाला कळावं म्हणून त्यांनी अहवाल लिहिला एस्परांतो भाषेत! साहजिकच फारसा कुणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर गेलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना हा वारा नव्याने ‘सापडला’. ओईशींबद्दल मला फार जिव्हाळा आहे, म्हणून एवढं विषयांतर.

परतताना पडद्यावर अटलांटिक होता, हेही बाईंनी लिहिलंय. बरोबरच आहे. जाताना पाठीवर घेतलेला वारा येताना तोंडावर कोण घेईल? विमान पुन्हा पूर्वेकडेच निघालं, आणि बाईंची नकळत पृथ्वीप्रदक्षिणा झाली. या साऱ्या प्रवासात तारीखरेषा मात्र त्यांनी एकदाच ओलांडली. मग त्यांच्या खात्यावर एक दिवस जास्त जमा झाला का? पुढच्या आठवड्यात बघू.