चाकांवरची खोली आणि वाळवंटातलं ऊन

अकोल्यात वाढलेल्या माणसाला उन्हाची ओळख करून द्यावी लागत नाही. तरीही अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये, आमच्या पहिल्याच जूनमध्ये, दुपारी तीनला आमच्या छोट्या ट्रेलरचं दार उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरले. बाहेर ४३ अंश होते; आतल्या तापमापकावर ५४. गादीच्या फोमला उग्र वास सुटला होता आणि खणातल्या मेणबत्त्या वाकून एकमेकींना चिकटल्या होत्या. आम्ही घाईघाईनं एसी लावला आणि दोन तास वाट पाहिली. आतलं तापमान ३६च्या खाली उतरलं नाही. यंत्रात काही बिघाड नव्हता. जे सगळ्यात शेवटी करायचं, ते आम्ही सगळ्यात आधी केलं होतं.

ऊन अडवायचं, मग वारा खेळवायचा, मग पाणी वापरायचं आणि उरलेल्या उष्णतेपुरतं यंत्र लावायचं, हा क्रम अंगवळणी पडायला आम्हाला तीन उन्हाळे लागले.

जुनाच प्रश्न

गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायच्या खोलीला अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीनं १९३६ मध्ये ‘क्लिपर’ नावाचा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर काढला. त्याच्या भिंतींत उष्णतारोधक अस्तर होतं, हवा खेळती राहायची सोय होती आणि सुक्या बर्फावर चालणारी वातानुकूलनाची यंत्रणाही होती. उकाड्याचा प्रश्न ट्रेलर बनवणाऱ्यांना सुरुवातीपासूनच सोडवावा लागला होता. पुढे बायम यांनी हौशी प्रवाशांचे तांडेच्या तांडे काढले. १९५९-६० मध्ये असा एक तांडा केपटाउनहून कैरोपर्यंत गेला. त्यांच्या निधनानंतर १९६३-६४ मध्ये सिंगापूरहून युरोपकडे निघालेला तांडा भारतातूनही गेला.

आमचा ट्रेलर त्या चकचकीत घराण्यातला नाही. १९६८ मध्ये कॅनडातल्या विनिपेगमध्ये ‘बोलर’ नावाचा फायबरग्लासचा अंड्यासारखा ट्रेलर तयार झाला. आमचा त्याच्याच वळणाचा. लांबी तेरा फूट, पण त्यात गाडीला जोडायचा दांडाही आला. राहायची जागा जेमतेम दहा फूट.

छपरावरच्या तीन शेगड्या

निरभ्र दुपारी एक चौरस मीटर जागेवर साधारण एक हजार वॉट ऊन पडतं. आमचं छप्पर सहा चौरस मीटरचं, म्हणजे सहा हजार वॉट, तासाला सहा युनिट. दोन हजार वॉटच्या तीन विजेच्या शेगड्या छपरावर पेटवून ठेवल्यासारखंच. ती सगळी उष्णता आत येत नाही. किती येईल, हे छपराचा रंग, भिंतीतलं अस्तर आणि वारा ठरवतात.

आता एसीकडे पाहू. ट्रेलरच्या छतावर बसवायचा नेहमीचा एसी १३,५०० बीटीयूचा असतो; तो तासाभरात चार युनिटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. छोट्या ट्रेलरला पुष्कळ जण ५,००० बीटीयूचा खिडकी एसी लावतात; त्याची मजल दीड युनिटची. सहाला दीड कसा पुरा पडणार? म्हणून छप्पर पांढरं हवं. ताजा पांढरा रंग बहुतेक ऊन परतवतो आणि जे शोषलं जातं तेही आकाशाकडे सहज सोडून देतो. चकाकतं अ‍ॅल्युमिनियम ऊन परतवतं खरं, पण शोषलेली उष्णता सोडायला ते कंजूष असतं. त्यामुळे चंदेरी पत्रा पांढऱ्या छपराहून जास्त तापतो.

तोंड कुठं करायचं

ट्रेलर उभा करायची जागा दुपारच्या सावलीवरून निवडावी; सकाळी सावली असलेली जागा तीन वाजता उघडी पडते. झाड नसेल तर दिशा पाहावी. जूनमध्ये फिनिक्सला भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला तो फारसा लागत नाही. त्रास देतात ती सकाळची आणि संध्याकाळची तिरपी उन्हं. म्हणून ट्रेलर पूर्व-पश्चिम लावावा. अरुंद बाजू उन्हाकडे राहतात आणि लांब भिंती वाचतात. अमेरिकेत दार आणि कापडी छत ट्रेलरच्या उजव्या अंगाला असतात. आम्ही तोंड पूर्वेला करतो, म्हणजे छत दक्षिणेला येतं आणि डाव्या भिंतीतला फ्रिज उत्तरेच्या सावलीत राहतो.

फ्रिजला सावली मिळणं फार महत्त्वाचं आहे. बऱ्याच ट्रेलरमधल्या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. गॅसच्या ज्योतीवर अमोनियाचं द्रावण तापवून तो थंडावा निर्माण करतो. फोन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही युक्ती शोधली. फ्रिजमधली उष्णता बाहेरच्या भिंतीतल्या जाळीतून निघते. ती भिंतच तापलेली असेल तर दूध नासतं.

खिडकीला आतून पडदा लावणं म्हणजे चोर घरात शिरल्यावर दार लावणं. ऊन एकदा काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि त्याची धग खोलीतच राहते. आम्ही काचेवर बाहेरून सावलीची जाळी बांधतो आणि मुक्काम लांबला तर छपरावर वीतभर अंतर सोडून मांडव घालतो. ते अंतर सोडावंच लागतं, कारण त्यातून वाहणारा वारा मांडवाखालची उष्णता घेऊन जातो. वाळवंटातली वादळं मात्र अचानक उठतात. कापडी छत गुंडाळल्याशिवाय जागा सोडू नये.

वारा आणि रात्र

छतातल्या झरोक्यात बारा व्होल्टचा पंखा असतो. चारही खिडक्या सताड उघडून तो लावला तर जवळच्याच खिडकीतली हवा ओढून बाहेर फेकतो. सावलीकडची एकच खिडकी चार बोटं उघडी ठेवावी, म्हणजे वाऱ्याची झुळूक अंथरुणावरून जाते. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेल तेव्हा मात्र आम्ही हा पंखा बंदच ठेवतो.

माझ्या आजोळच्या वाड्याच्या भिंती हातभर जाड होत्या. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र व्हायची. ट्रेलरची भिंत बोटभरसुद्धा नसते. तो पाहता पाहता तापतो, पण तितक्याच झटकन निवतो. वाळवंटात रात्री पारा बराच उतरतो, तेव्हा सगळं उघडून पंखा लावला की तासाभरात ट्रेलर बाहेरच्याइतका गार होतो. सूर्योदयानंतर लगेच सगळं बंद करायचं. स्वयंपाकही बाहेर, मांडवाखाली. आतल्या गॅसचा एक बर्नर दीड-दोन हजार वॉटचा, आणि स्वस्थ बसलेलं माणूससुद्धा शंभर वॉटची ऊब देतं.

ओळखीचा कूलर

इथल्या ‘स्वॉम्प कूलर’ची जाळी पहिल्यांदा उघडली तेव्हा मला घरची आठवण आली. आत अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसभुशीत कीस, म्हणजे विदर्भातल्या कूलरची तीच वुडवूल! अ‍ॅरिझोनात हे कूलर १९३०च्या दशकात घरोघर पोचले. त्याच सुमारास वाळवंट ओलांडणारे प्रवासी मोटारीच्या खिडकीला पाण्याचं नळकांडं अडकवायचे. त्यातून येणारा वारा गार होऊन आत शिरायचा.

एक लिटर पाण्याची वाफ होताना ते साधारण दोन-तृतीयांश युनिट उष्णता ओढून घेतं. म्हणून ४० अंशांच्या, १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत चांगला कूलर २५ अंशांच्या आसपासची हवा देतो, तीही पंखा आणि छोट्या पंपापुरत्या विजेवर. तेच यंत्र मे महिन्यात रत्नागिरीला लावा, अंगाची चिकचिक तेवढी वाढेल. अ‍ॅरिझोनालाही मान्सून आहे, १५ जून ते ३० सप्टेंबर. जुलैत दमट हवा आली की आमचा कूलर थकतो. कूलरला खिडकी उघडी लागते आणि एसीला बंद, त्यामुळे दोन्ही एकदम लावले तर दोन्ही वाया जातात.

शेवटी यंत्र

इतकं करूनही उष्णता उरते, तेव्हा एसी लावायचा. तो सकाळी नऊलाच लावावा. तापलेल्या गाद्या, कपाटं आणि भिंती गार करण्यापेक्षा गार खोली गार ठेवणं त्याला सोपं जातं. गरजेपेक्षा मोठा एसीही बरा नाही. तो चटकन थांबतो आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो. छावणीत दुपारी सगळ्यांचे एसी एकदम चालतात तेव्हा व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्रेसर जळू शकतो. म्हणून व्होल्टेज दाखवणारं छोटं मीटर लावलेलं बरं. वाढीव वायर जाडच घ्यावी, बारीक वायर आगीला निमंत्रण देते.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला बजावून सांगते. एसीच्या भरवशावर मूल, वयस्कर माणूस किंवा कुत्रा बंद ट्रेलरमध्ये ठेवून जाऊ नका. वीज गेली की अर्ध्या तासात ही खोली जीवघेणी होते.

ज्यांना चाकं नाहीत

२०२३ मध्ये फिनिक्सला ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत, सलग ३१ दिवस, पारा ४३ अंशांवर गेला. अशा वेळी सगळ्यात खात्रीचा उपाय ट्रेलरच्या खालीच असतो: त्याची चाकं. फिनिक्स समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे, तर अ‍ॅरिझोनातलंच डोंगरातलं फ्लॅगस्टाफ २,१०० मीटरवर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. पहाटे निघालं की अडीच-तीन तासांत पाँडेरोसा पाइनची झाडी लागते आणि रात्री पांघरूण शोधावं लागतं.

त्या पांघरुणात शिरताना मला दर वेळी अकोल्याच्या आमच्या गल्लीतल्या पत्र्याच्या खोल्या आठवतात. त्यांच्यावर पडणारं ऊन हेच आहे आणि त्यांचा पत्राही ट्रेलरइतकाच पातळ. गेल्या एप्रिलमध्ये भावानं भाडेकरूंच्या खोलीचा पत्रा पांढऱ्या चुन्यानं रंगवला, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याची ताटी लावली आणि पत्र्यावर हातभर उंच मांडव घातला. आता मुलं दुपारी आत झोपतात, असं त्यानं फोनवर सांगितलं. आम्ही ऊन वाढलं की डोंगराकडे निघू शकतो. त्या खोल्यांना चाकं नाहीत, म्हणून तिथं आधीचं प्रत्येक काम नीट व्हायला हवं.