सम्राटाच्या पाण्याचा पारा

माशांच्या दुकानात जाऊन तुम्ही नुसता ‘एंजल’ मागितलात, तर दुकानदार बहुधा पतंगासारखा त्रिकोणी, चपटा मासा दाखवील. तो गोड्या पाण्यातला, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. आज आपण बोलणार आहोत त्याच्या नामबंधूविषयी, म्हणजे समुद्रातल्या एंजलविषयी. या दोघांचं नातं फक्त नावापुरतं, बरं का!

समुद्री एंजल प्रवाळखडकांच्या आसऱ्यानं राहतात. त्यांच्या जवळजवळ ९० जाती आहेत. ओळखायची खूण म्हणजे कल्ल्याच्या झाकणावर, खालच्या कोपऱ्यात, एक दणकट काटा. यातला सगळ्यांत ऐटबाज तो ‘एम्परर’, म्हणजे सम्राट. लहानपणी गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं, आणि मोठेपणी निळ्या-पिवळ्या आडव्या पट्ट्यांचा झगा! वाढतो किती? चांगला ४० सेंटिमीटरपर्यंत.

असा सम्राट घरच्या पेटीत ठेवायचा, तर पाणी किती गरम हवं? उत्तर सोपं आहे : २४ ते २६ अंश सेल्सिअस. संपला लेख? छे! खरी गंमत पुढेच आहे.

पाणी तापलं की मासाही तापतो

बाहेर कितीही ऊन असो की थंडी, आपलं शरीर ३७ अंशांच्या आसपासच राहतं. बहुतेक माशांना ही सोय नाही. पाणी जितकं गरम, तितकंच त्यांचं अंग गरम. पाणी तापलं की त्यांच्या शरीराची सगळी कामं भराभर होऊ लागतात आणि प्राणवायू जास्त लागतो. पण गंमत बघा, नेमक्या त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू घटतो! समुद्राच्या पाण्यात २४ अंशांना दर लिटरमागे फार तर ७ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, आणि ३० अंशांना सव्वासहाच्या आतच. म्हणजे भूक वाढली आणि ताट लहान झालं. मग मासा पाण्याच्या वर तोंड आणतो, कल्ले धापा टाकल्यासारखे हलवतो.

पाणी फार गार झालं, तर उलटं होतं. मासा सुस्तावतो, खाणं सोडतो, पचन मंदावतं आणि रोग गाठतात.

समुद्राला घाई नसते

आता एक कोडं. पर्शियन आखातात पिवळ्या डागाचा एक एंजल राहतो. तिथलं पाणी उन्हाळ्यात ३३ अंशांच्या वर जातं आणि हिवाळ्यात काही ठिकाणी २० च्या खाली उतरतं. तरी तो मजेत! कसा काय? कारण समुद्र एका दिवसात तापत नाही आणि एका रात्रीत निवत नाही. बदल व्हायला महिने लागतात, तोवर मासा सरावतो.

आपल्या पेटीत मात्र पाणी थोडं. दुपारी ३१, पहाटे २४! हा रोजचा झोका माशाला सोसत नाही. म्हणून आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे त्याचा स्थिरपणा. दिवसभरात एखाद्या अंशापेक्षा जास्त फरक पडू देऊ नये. पेटी जितकी मोठी, तितका पारा स्थिर. सम्राटासाठी तर शेकडो लिटरची पेटी लागतेच.

मे आणि डिसेंबर

नाशिक-पुण्याच्या थंडीत हीटर हवाच. लिटरमागे साधारण एक वॉट असा हिशेब धरतात. हीटर आपोआप बंद-चालू होणारा असावा, आणि तरी वेगळा थर्मामीटर लावावाच. हीटर बिघडून चालूच राहिला, तर कळणार कसं?

उन्हाळ्यात उलट काम. पाण्यावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवन होऊन पारा दोनतीन अंश उतरतो. कोकणच्या दमट हवेत मात्र हा उपाय अपुरा पडतो, तिथे पाणी गार करणारं यंत्र, म्हणजे चिलर, लागतो. आणि लक्षात ठेवा, उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं! म्हणून भर घालताना खारं नव्हे, क्लोरीन काढलेलं गोडं पाणी घालायचं.

वीज गेली तर? बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवा. तोही नसेल तर मगानं पाणी उचलून वरून हळूहळू ओतत राहा, हवा मिसळते. पाणी फार तापलं तर बर्फ थेट टाकू नका. बर्फ भरलेली बंद बाटली तरंगत सोडा आणि पारा सावकाश उतरू द्या.

गोड्या पाण्यातल्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला, की काही जण उपचारासोबत पाणी गरम करतात. समुद्री माशांचा तसाच दिसणारा रोग वेगळ्या जंतूमुळे होतो, तो पाणी तापवून बरा होत नाही. उगाच माशाची दमछाक मात्र होते.

आधी परीक्षा, मग मासा

सम्राट बहुतेक वेळा समुद्रातूनच पकडून आणलेला असतो. दुकानात पैसे मोजले म्हणजे झालं असं नाही, त्याचा जीव आपल्या भरवशावर असतो. म्हणून मासा आणण्याआधी एक काम करा. जिथे पेटी ठेवायची, तिथे पाण्याची मोठी बादली ठेवा. सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री दहा वाजता पारा वहीत लिहा. मे महिन्यात पंधरा दिवस आणि डिसेंबरात पंधरा दिवस. (तापाचा थर्मामीटर नको हं, तो साधारण ३५ अंशांच्या खालचं दाखवतच नाही!) पेटीपेक्षा बादलीतला पारा जास्त हलेल, पण तुमच्या घराचा स्वभाव नक्की कळेल.

वही आईबाबांना दाखवा. उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही सांभाळायची तयारी दिसली, तर पुढचं पाऊल टाका. नसेल तर खुशाल गप्पी पाळा. तेही काही कमी गोड नसतात!