पेट्रोलचा भाव आणि माझे इंग्रजी

'इंग्रजी सुधारायचे असेल तर रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचा' हा उपदेश आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी ऐकला असेल. मी तो ऐकला आणि पाळलाही. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून रोज ये-जा करून शिकणारा, मराठी माध्यमाचा मी वाचनालयात अर्धा तास इंग्रजी वर्तमानपत्र पुढे ओढून बसू लागलो. आज क्रिकेट, उद्या निवडणूक, परवा एखादा परदेशी करार. रोज वीस नवे शब्द वहीत उतरत आणि आठवड्याने त्यांतले अठरा विसरलेले असत. दोष माझ्या स्मरणशक्तीचा नसून पद्धतीचा होता, हे मला उशिरा कळले. ते कसे कळले, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने पेट्रोल व डिझेलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे दोन-दोन रुपयांनी वाढविले. पंपावरचा भाव मात्र वाढणार नाही, असेही जाहीर केले. त्या सुमारास जगाच्या बाजारात कच्चे तेल उतरले होते. यावर वर्तमानपत्रांतून लेख येऊ लागले. अशाच एका लेखातला उतारा सरांनी तासाला मला वाचायला लावला आणि अर्थ विचारला. त्यात 'इन्सिडन्स ऑफ टॅक्स' असे शब्द होते. 'इन्सिडंट' म्हणजे घटना, एवढे मला ठाऊक होते. मी ठणकावून सांगितले, "कराची घटना." मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "सर, कराचीत कधी घडली?" सारा वर्ग हसला. सरही हसले. मी खाली बसलो आणि त्या दिवसापुरते इंग्रजीशी नाते संपले असे ठरवून टाकले.

माझ्या वडिलांचा छोटा मालवाहू टेम्पो आहे. गावातली भाजी ते परभणीच्या बाजारात नेऊन पोचवतात. रात्री जेवताना मी त्यांना सहज म्हटले, "दादा, डिझेलवरचा कर दोन रुपयांनी वाढला, पण पंपावर भाव तोच हाय."

दादा घास थांबवून म्हणाले, "मंग ते दोन रुपये दिले कुनी?"

मित्रहो, 'इन्सिडन्स' म्हणजे नेमके हेच! कर भरतो एक आणि त्याचा भार शेवटी पडतो दुसऱ्यावर. तो भार अखेर कोणाच्या पाठीवर जाऊन बसतो, याला अर्थशास्त्रात 'इन्सिडन्स' म्हणतात. मराठीत त्याला 'करभार' असा शब्द आहे. दुसऱ्या दिवशी तो लेख मी पुन्हा वाचला. तेल कंपन्या हा कर 'ॲब्सॉर्ब' करतील, म्हणजे टिपकागदाने शाई टिपावी तसा स्वतःच सोसतील, असे एक बाजू म्हणत होती. कच्चे तेल उतरल्यामुळे जो भाव कमी व्हायला हवा होता तो झाला नाही, म्हणजे कर ग्राहकानेच दिला, असे दुसरी म्हणत होती. दादांच्या प्रश्नावरच दोन्ही लेखक भांडत होते.

तेव्हा मी ठरवले, की महिनाभर दुसरे काही वाचायचे नाही. वाचनालयातले जुने अंक काढून फक्त इंधनावरील करांविषयीचे लेख वाचायचे. विषय एकच असल्यामुळे तेच शब्द पुनःपुन्हा भेटू लागले. शब्द पाठ करावे लागले नाहीत. शेजाऱ्यांसारखे ते ओळखीचे झाले.

पहिली ओळख झाली ती करांच्या नावांशी. 'एक्साइज' म्हणजे उत्पादन शुल्क, 'सेस' म्हणजे उपकर, 'सरचार्ज' म्हणजे अधिभार. कोशात हे तिन्ही जवळजवळ सारखेच वाटतात. लेखांत मात्र त्यांच्यावरून केंद्र आणि राज्ये यांचा वाद चाललेला असतो. कारण केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना मिळतो, पण उपकर आणि अधिभार त्या वाटणीत येत नाहीत. हे कळल्यावर 'सेस' आणि 'टॅक्स' यांत माझी गल्लत झाली नाही. 'लेव्ही' हा शब्द मी घरी मोठ्याने वाचला, तेव्हा आजोबा ओसरीवरून म्हणाले, "लेव्ही? आमी ज्वारी घातली ना लेव्हीला!" सरकार सक्तीने धान्य घेई त्या दिवसांपासून हा इंग्रजी शब्द आमच्या घरात होता. मीच त्याला परका समजत होतो.

मग पक्ष घेणारे शब्द दिसू लागले. एकच दरवाढ टीकाकाराच्या लेखात 'हाइक' असते आणि समर्थकाच्या लेखात 'रिव्हिजन' होते. 'रिलीफ' या शब्दाची गंमत तर आकड्यांनीच कळली. केंद्राने २०२० च्या मार्च आणि मे महिन्यांत मिळून पेट्रोलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे १३ रुपयांनी व डिझेलवरील १६ रुपयांनी वाढविले. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये ते ५ व १० रुपयांनी, आणि मे २०२२ मध्ये ८ व ६ रुपयांनी उतरविले. बेरीज करून पाहा. जेवढे चढले तेवढेच उतरले. ज्याने याला 'रिलीफ' म्हटले त्याने दिलासा पाहिला, ज्याने 'रोलबॅक' म्हटले त्याने मागे घेतलेली वाढ पाहिली. दोघेही खोटे बोलत नव्हते. पण कोणता शब्द कोण निवडतो, हे कोशात सापडत नाही.

'रिग्रेसिव्ह' या शब्दाने मला असेच चकविले. 'मागासलेला' हा अर्थ येथे चालत नाही. ज्याची मिळकत कमी, त्याच्या मिळकतीचा मोठा हिस्सा जो कर खातो, तो 'रिग्रेसिव्ह'. मोटारीतला श्रीमंत आणि टेम्पोवाले दादा लिटरमागे सारखेच शुल्क देतात. एवढे उदाहरण मला पुरले. पेट्रोलला सरकारची 'मिल्च काऊ' म्हणतात, हे सांगताच दादा म्हणाले, "दुभत्या गाईच्या लाथा गोड, पर हितं दूध येकाला अन् लाथ दुसऱ्याला!"

माझ्या वहीत आता चार रकाने आहेत. शब्द, त्याच्या आगेमागे येणारे शब्द, तो कोण वापरतो, आणि आमच्या घरातले उदाहरण. कोशातला अर्थ मी सर्वांत शेवटी पाहतो. ही पद्धत प्रत्येकाला मानवेलच असे नाही. कोणी कांद्याच्या निर्यातबंदीवरचे लेख घ्यावेत, कोणी उसाच्या दरावरचे घ्यावेत. विषय मात्र असा असावा, की त्याची झळ आपल्या घरापर्यंत पोचलेली आहे आणि ज्यावर निदान दोन बाजू एकमेकींशी भांडत आहेत.

माझे इंग्रजी फार सुधारले, असा माझा दावा नाही. उच्चारांवरून आजही वर्गात हशा होतो. पण 'इन्सिडन्स' या शब्दापुढे चौथ्या रकान्यात मी दादांचा प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेवला आहे, "मंग ते दोन रुपये दिले कुनी?" नवा लेख हाती घेतला की आता मी आधी हाच प्रश्न विचारतो, आणि मग वाचायला लागतो.