तोच हा सेन्सर? बदली सेन्सर आणि त्याची ओळख

मंडळी, आज आपण कारखान्यातला एक साधा प्रसंग घेऊ. रात्रपाळी चालू आहे आणि हवेच्या लाईनवरचा प्रेशर सेन्सर निकामी झाला. फिटर स्टोअरमधून त्याच मॉडेलचा नवा सेन्सर आणतो, बसवतो, केबल जोडतो आणि मशीन चालू. लॅपटॉप नको की इंजिनिअरला झोपेतून उठवणं नको.

हे वाटतं तितकं सोपं नाही. स्मार्ट सेन्सरला स्वतःची सेटिंग असतात: किती बारला स्विच व्हायचं, एकक कोणतं, फिल्टर किती. डब्यातून काढलेल्या सेन्सरमध्ये असतात ती उत्पादकाने भरलेली. ती तशीच राहिली तर मशीन चालेल हो, पण ६ बारला वाजायची घंटा ९ बारला वाजेल!

मग जुन्याची सेटिंग नव्यात येतात कुठून? आयओ-लिंक ही पद्धत पाहू. आयईसी ६११३१-९ या मानकात ती दिली आहे. सेन्सर 'मास्टर' नावाच्या उपकरणाच्या एका पोर्टला जोडलेला असतो. मास्टरला तसं सांगून ठेवलं असेल तर तो सेटिंगची प्रत आपल्याजवळ ठेवतो. नवा सेन्सर आला की तो मुख्यतः दोन प्रश्न विचारतो: कोणत्या कंपनीचा? कोणत्या प्रकारचा? उत्तरं जुळली की प्रत नव्यात उतरवतो. नाही जुळली तर एरर दाखवतो.

आपल्याकडे 'तोच हा देवदत्त' हे प्रत्यभिज्ञेचं ठरलेलं उदाहरण आहे. तिथे आपण व्यक्ती ओळखतो. मास्टर व्यक्ती ओळखतच नाही. तो ओळखतो जाती, आणि दुसरं म्हणजे जागा. अनुक्रमांकही तोच हवा असा हट्ट त्याने धरला तर बदली सेन्सर कधी चालायचाच नाही! म्हणजे सोय आहे ती व्यक्तीकडे दुर्लक्ष करण्यातच.

धोकाही तिथेच आहे. एकाच मॉडेलचे दोन सेन्सर, एक ६ बारचा, एक २ बारचा. सफाईच्या वेळी केबली काढल्या आणि लावताना अदलाबदल झाली. मास्टरच्या दृष्टीने जाती बरोबर, जागा भरलेली. तो मुकाट्याने ६ची सेटिंग २ बारच्या लाईनवरच्या सेन्सरमध्ये भरतो. एरर नाही, लाल दिवा नाही. म्हणून केबलीवर आणि पोर्टवर ठळक खुणा हव्यातच. हे काम क्षुल्लक समजू नये.

दुसरं, प्रत खरी कशावरून? कुणी घाईत सेन्सरचं बटण दाबून चुकीचा बिंदू शिकवला, तर 'बॅकअप आणि रिस्टोअर' या रीतीत तो चुकीचा बिंदूच मास्टरकडे जाऊन बसतो. पुढे सेन्सर बदलला तरी चूक बदलत नाही. नुसतं 'रिस्टोअर' ठेवलं तर मास्टर सेन्सरकडून काही उचलत नाही; पण मग जागेवर मुद्दाम केलेली योग्य दुरुस्तीही पुसली जाते. कुठे काय ठेवायचं, हे माणसालाच ठरवावं लागतं.

आणि मास्टरच जळाला तर? नवा मास्टर कोरा असतो. 'बॅकअप आणि रिस्टोअर' असेल तर समोरच्या सेन्सरमध्ये जे असेल ते तो प्रमाण मानून उचलतो. त्याच वेळी दुसऱ्या मशीनवरून काढलेला जुना सेन्सर लावला असेल, तर त्या दुसऱ्या मशीनचीच सेटिंग इथली म्हणून साठतात. म्हणून मास्टर बदलताना सेन्सरला हात लावू नये, आणि सेटिंगची एक प्रत मशीनबाहेर, कंट्रोलरच्या प्रोजेक्टमध्ये ठेवावी.

आता प्रश्न घेऊ या.