हुकूमशहांची अक्षरओळख

हुकूमशहा म्हटलं की रणगाडे आठवतात, छापखान्यातले खिळे कुणाला आठवत नाहीत. पण विसाव्या शतकातल्या कितीतरी राजवटींनी अक्षरांच्या वळणात, वेलांट्यांत आणि ठिपक्यांत नाक खुपसलं. कुणी टाइपावर बंदी घातली, कुणी टाइपरायटरची नोंद ठेवली, कुणी नेत्याच्या नावासाठी वेगळी अक्षरं पाडून घेतली. त्यातले हे काही मासले.

आपल्याच लेटरहेडवर बंदी

फ्राक्टुर हे टोकदार, तुटक रेषांचं वळण जर्मनीत शतकानुशतकं छापलं जात होतं. नाझी सत्तेवर आले तेव्हा ते 'अस्सल जर्मन' म्हणून मिरवलं गेलं. त्याच लाटेत 'टानेनबर्ग', 'नॅशनल', 'डॉइचलँड' अशा नावांचे नवे ठोकळेबाज टाइप बाजारात आले. त्यांना पुढे टोपणनावही झकास पडलं : 'गुडघाबुटी टाइप'.

मग ३ जानेवारी १९४१ रोजी हिटलरचा उजवा हात मार्टिन बोरमान याने परिपत्रक काढलं. ही तथाकथित गॉथिक अक्षरं म्हणे मुळात ज्यूंची, तेव्हा यापुढे सगळीकडे साधं रोमन वळण वापरायचं! या दाव्याला इतिहासाचा काडीचाही आधार नव्हता. इतिहासकारांना कारण भलतंच दिसतं : युरोपचा मोठा भाग ताब्यात आला होता आणि जिंकलेल्या लोकांना जर्मनांचे फतवे वाचता येत नव्हते. कहर म्हणजे, ज्या कागदावर हे परिपत्रक निघालं त्याच्या माथ्यावर पक्षाचं नाव गॉथिक अक्षरांतच छापलेलं होतं.

त्याच वर्षी शाळांतून 'झ्यूटरलिन' हे हस्ताक्षराचं वळणही हद्दपार झालं. त्यामुळे आज कित्येक जर्मन घरांत पणजोबांची पत्रं आहेत, पण ती वाचणारं कुणी नाही. घरात मोडी कागदांचं गाठोडं असलेल्या मराठी माणसाला हे दुःख वेगळं सांगायला नको.

अटकेतून चंद्रावर

पाउल रेनर या जर्मन कलाकाराने १९२७ मध्ये 'फ्युचुरा' हा टाइप आणला. वर्तुळं, त्रिकोण आणि सरळ रेषा, नक्षी नावाला नाही. १९३२ मध्ये त्याने नाझींच्या कलाविषयक धोरणावर टीका करणारी पुस्तिका लिहिली. १९३३ मध्ये त्याला अटक झाली आणि म्युनिकच्या मुद्रणशाळेतलं प्रमुखपदही गेलं. फ्युचुरा मात्र टिकला. १९६९ मध्ये अपोलो ११ ने चंद्रावर जी धातूची पाटी ठेवली, तिच्यावरची अक्षरं फ्युचुराचीच.

रेनरचा तरुण सहकारी यान चिखोल्ड यालाही १९३३ मध्येच पकडलं होतं. सुटल्यावर तो स्वित्झर्लंडला गेला आणि युद्धानंतर इंग्लंडच्या पेंग्विन पुस्तकांना त्याने शिस्तशीर रूप दिलं.

फाटकातला बाउहाउस

इथे गंमत थांबते. बुखेनवाल्ड छळछावणीच्या लोखंडी फाटकावर 'ज्याचं त्याला' अशा अर्थाचे शब्द आहेत. ते आतून वाचता येतील असे बसवले आहेत, म्हणजे वाचक कैदीच. ही अक्षरं आखण्याचं काम फ्रांत्स एर्लिख या कम्युनिस्ट कैद्यावर आलं. तो बाउहाउस या कलाशाळेचा विद्यार्थी होता. नाझींच्या दबावाखाली १९३३ मध्ये बंद पडलेल्या त्याच शाळेच्या वळणात त्याने अक्षरं काढली आणि पहारेकऱ्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आउशवित्झच्या फाटकावरच्या घोषणेतला 'बी' उलटा दिसतो, वरचं पोट मोठं आणि खालचं लहान. तो कैद्यांनीच घडवलेला होता आणि वाचलेल्यांपैकी अनेकांनी त्याकडे मूक निषेध म्हणूनच पाहिलं.

खिळे जप्त, पण अडलं कुठे?

रशियन क्रांतीनंतर १९१७-१८ मध्ये शुद्धलेखन सुधारलं गेलं. शब्दाच्या शेवटी उगीच येणारं एक निःशब्द चिन्ह काढून टाकायचं ठरलं. जुन्या वळणाचे छापखाने ऐकेनात, तेव्हा क्रांतिकारी खलाशांनी छापखान्यांत शिरून त्या चिन्हाचे खिळेच उचलून नेले. पंचाईत अशी, की शब्दाच्या मध्ये ते चिन्ह सुधारणेनंतरही लागत होतं. जुळाऱ्यांनी मग तिथे अपॉस्ट्रॉफी लावून वेळ भागवली. क्रांती अडली नाही आणि अंकही अडला नाही.

पणजोबा एका लिपीत, पणतू दुसऱ्या

अझरबैजानमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी अरबी लिपी चालत होती. १९२०च्या दशकात सोव्हिएत राजवटीत ती जाऊन रोमन आली. १९३९ मध्ये स्टालिनच्या काळात रोमन जाऊन रशियन वळणाची सिरिलिक आली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि रोमन परतली. भाषा तीच, घर तेच, पण प्रत्येक पिढीला आधीच्या पिढीचं कपाट परकं.

कझाकस्तानात २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष नझरबायेव यांनी रोमन लिपीचा हुकूम काढला. त्यात इतक्या अपॉस्ट्रॉफी होत्या की लोक वैतागले. काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०१८ मध्ये, दुरुस्त हुकूम निघाला आणि अपॉस्ट्रॉफींच्या जागी अक्षरांच्या डोक्यावर तिरप्या रेघा आल्या.

तीन अक्षरं, एक गुन्हा

तुर्कस्तानात नोव्हेंबर १९२८ मध्ये अतातुर्कच्या एकपक्षीय सरकारने अरबी लिपी मोडीत काढली. डिसेंबरपासून वर्तमानपत्रं नव्या लिपीत निघायलाच हवीत, असा दंडक होता. नव्या वर्णमालेत क्यू, डब्ल्यू आणि एक्स नव्हते. कुर्दी भाषेला मात्र तिन्ही लागतात. त्यांच्या नववर्षाच्या नावात, 'नेवरोझ'मध्येच, डब्ल्यू आहे. शुभेच्छापत्रात तो छापला म्हणून कुर्दी महापौरांवर खटले भरले गेले. बंदी उठवण्याची घोषणा व्हायला २०१३ उजाडलं. तोवर प्रत्येक सरकारी वेबसाइटच्या पत्त्यात तीन-तीन डब्ल्यू राजरोस बसलेले होते!

टाइपरायटरची हजेरी

वापरून वापरून टाइपरायटरचे खिळे झिजतात. कुणाचा 'ए' कलतो, कुणाचा 'आर' तुटतो. त्यामुळे टाइप केलेला कागद कोणत्या यंत्रावरचा, हे ओळखता येतं. रोमानियाच्या चाउशेस्कूने हे अचूक हेरलं. १९८३ च्या फर्मानानुसार टाइपरायटर बाळगायला पोलिसांची परवानगी लागायची आणि दरवर्षी त्याच्या सगळ्या अक्षरांचा नमुना ठाण्यात द्यावा लागायचा. सरकारविरोधी पत्रक सापडलं की नमुने जुळवायला घ्यायचे.

या देशात एका टोपीनेही राजकारण केलं. १९५३ मध्ये 'ए'वर टोपी असलेलं अक्षर काढून त्याजागी टोपीवाला 'आय' लिहायचा ठरला, अगदी देशाच्या नावातही. पण जुन्या अक्षरामुळे रोमशी असलेलं नातं उठून दिसायचं. मॉस्कोपासून अंतर दाखवायची वेळ आली, तेव्हा १९६५ मध्ये देशाच्या नावापुरता 'ए' टोपीसकट परत आला.

गोव्याचा अनुभवही फार लांबचा नाही. सालाझारच्या पोर्तुगीज राजवटीत छापील मजकूर सेन्सॉरच्या हाताखालून जायचा आणि त्यातून लग्नपत्रिकाही सुटत नसत, असं गोव्याच्या मुक्तिलढ्याच्या आठवणींत वारंवार येतं.

नेत्याचं नाव, स्वतंत्र खिळा

उत्तर कोरियात नेत्यांची नावं मजकुरात ठळक छापली जातात, हे अनेकांना ठाऊक असतं. पण १९९७ च्या तिथल्या संगणकीय अक्षरसंचात किम इल-सुंग आणि किम जाँग-इल यांच्या नावांतल्या अक्षरांना वेगळे क्रमांकच दिले आहेत. साधा 'किम' वेगळा आणि नेत्याचा 'किम' वेगळा! पुढे किम जाँग-उनचीही सोय झाली. ही खास अक्षरं जगभरच्या युनिकोडमध्ये घालायची मागणी झाली, पण ती मान्य झाली नाही.

चीनमध्ये 'पीपल्स डेली'चं शीर्षक माओच्या हस्ताक्षरात आहे. तिथल्या सरकारी कागदांचा फाँटच नव्हे, मांडणीही प्रमाणित आहे : पानावर २२ ओळी, ओळीत २८ अक्षरं.

इराकच्या झेंड्यावर १९९१ मध्ये आलेले 'अल्लाहु अकबर' हे शब्द सद्दाम हुसेनच्या हस्ताक्षरात असल्याचं मानलं जायचं. सद्दामची सत्ता गेल्यावर २००४ मध्ये शब्द तेच ठेवून वळण बदललं आणि प्राचीन कुफी वळण आलं.

झाडांची सही

मुसोलिनीच्या चाहत्यांना कागद अपुरा पडला असावा. रोमच्या ईशान्येला माँते ज्यानो डोंगरावर १९३९ च्या सुमारास सुमारे २० हजार झाडं अशी लावली गेली की दुरून त्याची लॅटिन पदवी 'डुक्स' वाचता यावी. ऑगस्ट २०१७ च्या वणव्यात या अक्षरांचा बराच भाग जळाला. रोममधल्या क्रीडासंकुलातला दगडी स्तंभ मात्र मुसोलिनीचं नाव मिरवत अजून उभा आहे.

गर्दीची अक्षरं

अक्षरं विरोधकांच्याही कामी आली. १९४२ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या वॉर्साच्या भिंतींवर 'पी' आणि 'डब्ल्यू' जोडून केलेला नांगर उमटू लागला. अर्थ होता, 'लढणारा पोलंड'. तो रेखाटणारी आना स्मोलेन्स्का पुढच्याच वर्षी आउशवित्झमध्ये मरण पावली.

१९८० मध्ये ग्दान्स्कच्या गोदीतल्या संपात येर्झी यानिशेव्स्की या चित्रकाराने 'सोलिदार्नोश्च' (एकजूट) हे कामगार संघटनेचं नाव लाल कुंचल्याने लिहिलं. मोर्चातली माणसं एकमेकांना रेटून, सावरून चालतात तशी त्यातली अक्षरं. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा आला आणि संघटना बेकायदा ठरली, पण ते वळण भित्तिपत्रकांवरून हटलं नाही. १९८९ च्या निवडणुकीच्या प्रसिद्ध पोस्टरवर हॉलिवूडचा गॅरी कूपर शेरीफच्या वेषात दिसतो : हातात मतपत्रिका आणि छातीवर तोच शब्द.

एका 'झेड'ची दोन आयुष्यं

ग्रीसमध्ये १९६३ साली लाम्ब्राकिस या खासदाराची हत्या झाली. लोकांनी भिंतींवर 'झेड' लिहिला, म्हणजे 'तो जिवंत आहे'. त्यावर १९६९ मध्ये कोस्ता-गाव्रास यांनी 'झेड' चित्रपट काढला. त्याच्या शेवटी ग्रीक लष्करशहांनी बंदी घातलेल्या गोष्टींची यादी येते आणि तिच्यात 'झेड'ही आहे. २०२२ मध्ये तेच अक्षर युक्रेनवर चढाई करणाऱ्या रशियन वाहनांवर रंगवलेलं दिसलं. रशियन लिपीत ते नाहीच, तरी केमेरोवो प्रांताच्या गव्हर्नरने प्रांताच्या लोकप्रिय नावात, 'कुझबास'मध्ये, रोमन 'झेड' घुसवला. लिथुआनियाने त्याच्या जाहीर वापरावर बंदी घातली.

या सगळ्याचा हिशेब साधा आहे. फ्राक्टुर जन्माने नाझी नव्हतं, फ्युचुरा जन्माने लोकशाहीवादी नव्हता आणि 'झेड'ने तर दोन्ही बाजू पाहिल्या. एखाद्या सरकारने उद्या कुठलं अक्षर शुद्ध आणि कुठलं परकं हे ठरवायला घेतलं, तर वाचकहो, अक्षराची कुळकथा तपासण्याआधी तो अधिकार त्या सरकारला दिला कुणी, एवढं विचारा.