चंद्राच्या वेळापत्रकावर चालणारा रस्ता

एक कोडं घालतो. असा कुठला रस्ता आहे, जो दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो, दोनदा वर येतो, आणि तरी तो कधी मोकळा होणार हे घरबसल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून सांगता येतं?

हा रस्ता आहे आमच्या अलिबागला. किनाऱ्यापासून किलोमीटर-दीड किलोमीटरवर समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. भरतीला तो चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला असतो, म्हणजे अगदी पक्कं बेट. ओहोटीला मधलं पाणी ओसरतं आणि लोक चक्क चालत किल्ल्यात जातात!

भाऊबीजेला माझी ताई आली, सोबत माझी भाची. त्यांचं घर मावळात, शिरगावला. पवनेच्या खोऱ्यात वाढलेली ही पोर. डोंगर, ओढे, भाताची खाचरं तिच्या ओळखीची, पण समुद्र नवा. जेवणं झाल्यावर दुपारी दीडच्या सुमारास किनाऱ्यावर गेलो, तर किल्ल्याच्या तटापर्यंत पाणीच पाणी.

"मामा, होडीने जायचं का?"

"परवा चतुर्थी आहे. परवा सकाळी चालत जाऊ. नऊला पाणी सगळ्यात खाली असेल."

"नऊलाच कशावरून?"

मग घरी येऊन कॅलेंडर काढलं. आपल्या किनाऱ्यावर एक जुना तोंडी हिशोब आहे. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. द्वितीयेची पाऊणपट दीड, म्हणून भाऊबीजेला दीड वाजता समुद्र तुडुंब होता. चतुर्थीची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, तर त्याच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी नऊला, ओहोटीचा तळ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या.

आता तिथीचा आणि पाण्याचा काय संबंध? संबंध चंद्राचा! चंद्र पृथ्वीला ओढतो, पण सगळीकडे सारख्या जोराने नाही. त्याच्या समोरच्या पाण्यावर ओढ जास्त, पृथ्वीच्या मध्यावर त्याहून कमी आणि पलीकडच्या पाण्यावर सगळ्यात कमी. समोरचं पाणी त्यामुळे चंद्राकडे फुगतं. पलीकडचं पाणी मागे राहतं, म्हणून तिकडेही फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा दोन्ही फुगवट्यांतून जातो, म्हणून दिवसात भरती दोनदा. पण पृथ्वीची एक फेरी होते तेवढ्या वेळात चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला सुमारे ५० मिनिटं जास्त फिरावं लागतं. म्हणून भरती रोज तेवढी उशिरा येते. जुन्या हिशोबात ५० मिनिटांऐवजी पाऊण तास धरला, कारण तो तोंडी करायला सोपा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण अंदाज बऱ्यापैकी लागतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात. तेव्हा समुद्राला उधाण येतं. भरती खूप वर चढते, ओहोटी खूप खाली जाते. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा पाणी थोडंच हलतं. कोळी लोक त्याला भांग म्हणतात.

चतुर्थीला सकाळी निघालो. दोन दिवसांपूर्वी जिथे लाटा फुटत होत्या, तिथे ओली, काळसर वाळू पसरली होती. भाची दहा पावलं चालली आणि थबकली. "मामा, हे कोणी केलं?"

वाळूवर साबुदाण्याएवढ्या शेकडो गोळ्या पडल्या होत्या. मधोमध एक भोक, आणि भोकापासून चारी दिशांना गोळ्यांच्या रांगा. आम्ही हालचाल न करता बसून राहिलो. थोड्या वेळाने भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर आला. नांगीने चिमूटभर वाळू उचलायची, तोंडाशी न्यायची, वाळूच्या कणांना चिकटलेलं सूक्ष्म शेवाळ आणि सेंद्रिय कण खायचे आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून द्यायची. पुन्हा चिमूट, पुन्हा गोळी. चाळलेली वाळू परत चाळायला लागू नये, म्हणून ही सोय! भरती येते तेव्हा तो बिळात शिरून वरून तोंड बंद करतो. आत हवा कोंडलेली असते, तिच्यावर तो पुढच्या ओहोटीपर्यंत राहतो.

किल्ल्याजवळच्या खडकांवर कालवं चिकटलेली होती. ओहोटीत ती शिंपला घट्ट मिटून आतलं पाणी धरून ठेवतात आणि भरती आली की उघडून खायला लागतात. तेव्हा वेळापत्रक फक्त आपलंच नाही, या सगळ्यांचं आहे.

खडक काळा बघून भाची म्हणाली, "हा तर आमच्याकडचाच दगड!" अगदी बरोबर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांचा बेसॉल्ट झाला. लोहगड, कार्ल्याची आणि भाज्याची लेणी त्याच बेसॉल्टमधली, आणि या बेटाचा खडकही तोच. इथली काळसर वाळूसुद्धा त्याचाच चुरा.

"मग आमच्या पवनेचं पाणीपण इथे येतं?"

नाही बरं का! शिरगावहून अरबी समुद्र इतका जवळ, तरी पवना पूर्वेला जाते. पवना मुळेला मिळते, पुढे मुळा-मुठा, मग भीमा, मग कृष्णा आणि शेवटी थेट बंगालचा उपसागर. सह्याद्रीचा उतार तिकडे आहे ना! गंमत म्हणजे मावळातलं थोडं पाणी मात्र उलट दिशेला येतं. लोणावळ्याच्या वळवण धरणाचं पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला उतरतं. १९१५ पासून तिथे त्यावर वीज तयार होते, आणि मग ते पाताळगंगेतून अरबी समुद्राला मिळतं.

बोलत बोलत किल्ल्याशी पोचलो. हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला. पुढे तो कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं झाला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, तरी तो त्यांच्या हाती लागला नाही. तटाचे दगड जवळून बघा. नुसते प्रचंड दगड एकमेकांवर रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच जिरतो.

आत १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. आणि एक विहीर आहे, गोड्या पाण्याची! चारी बाजूंना खारा समुद्र, मग हे गोडं पाणी कुठून? पावसाचं. ते बेटावर पडून खडकाच्या भेगांतून खाली मुरतं. एक लिटर गोडं पाणी साधारण १००० ग्रॅम भरतं आणि समुद्राचं सुमारे १०२५ ग्रॅम. गोडं पाणी हलकं, म्हणून बेटाखाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर ते तरंगत राहतं. हळूहळू उपसलं तर गोडंच मिळतं. फार उपसलं की खालचं खारं पाणी वर येतं.

दहा वाजायच्या आत मी भाचीला परत फिरवलं. ती आणखी थांबायला तयार होती, पण पाणी कोणासाठी थांबत नाही. ओहोटी संपली की वाट भरायला लागते आणि मधल्या पाण्याला ओढ असते. पावसाळ्यात तर या वाटेने जायचंच नाही. एरवीही नुसत्या आपल्या हिशोबावर विसंबू नका. निघण्याआधी किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना विचारा. मोठं माणूस सोबत हवंच.

करून पाहा : शिरगाव असो, सोलापूर असो की नागपूर, समुद्र बघायची गरज नाही. पाच दिवसांच्या तिथी वहीत लिहा, पाऊणपट करून अलिबागची भरती काढा, आणि वर्तमानपत्रात छापलेल्या मुंबईच्या भरतीच्या वेळांशी ताडून पाहा. हा हिशोब मुंबई-अलिबागच्या बाजूचा आहे. मध्ये जमीन आणि उथळ समुद्र आड येतात, म्हणून दुसऱ्या किनाऱ्याची वेळ वेगळी असते.

आता शेवटचा प्रश्न. एकादशीला सकाळी नऊ वाजता कुलाबा किल्ल्याकडे चालत निघता येईल का? मांडा गणित. उत्तर 'मुळीच नाही' आलं, तर तुम्हाला समुद्राचं वेळापत्रक वाचता यायला लागलं!